उचगावच्या माळावरची एक्केचाळीस पुस्तकं

लालासाब कागदी कोल्हापूरच्या कॉलेजच्या लायब्ररीत लागले ते पुस्तकं वाचायला नव्हे, शिवायला. हुद्दा दप्तरी. फाटलेली पानं चिकटवायची, उसवलेल्या पुस्तकांना टाके घालायचे, रजिस्टरांना रेघा मारायच्या, आणि प्रोफेसरांनी मागितलेलं पुस्तक कपाटातून काढून टेबलावर नेऊन ठेवायचं, एवढं काम. घराणं कागद बनवणाऱ्यांचं. आजोबांच्या काळापर्यंत परसातल्या हौदात ताग आणि जुन्या दोरांचा लगदा भिजत असे आणि अकीकाच्या दगडानं घोटलेला कागद कोल्हापूरच्या कचेऱ्यांत जात असे. पुढं गिरणीचा कागद स्वस्तात मिळायला लागला, हौद कोरडा पडला, आणि लालासाबांच्या वडिलांनी हातात सुईदोरा घेतला. मुलानंही तोच उचलला.

पण कागद अंगात मुरलेला होता. अंगठा आणि बोटात पान धरून ते सांगायचे, हा जुन्नरचा, हा विलायती, हा पावसाळ्यात वाळवलाय म्हणून असा मऊ पडलाय. खळ शिजवताना मोरचूद किती घातला की कसर लागत नाही आणि पानही हिरवं पडत नाही, हे त्यांना मापाशिवाय कळायचं.

त्यांना वाचायला लावलं ते आबाशास्त्री वडणगेकरांनी. शास्त्रीबुवा कॉलेजात संस्कृत शिकवायचे. घरी दुसरं कुणी नाही, त्यामुळं शिकवण्याचे तास सोडले तर मुक्काम लायब्ररीतच. लालासाब कपाटावरच्या चिठ्ठ्या वाचून पुस्तक अचूक काढतात, हे त्यांनी हेरलं होतं.

"लाला, पुस्तकाचं नाव वाचता येतंय, मग पान वाचायला काय धाड भरली तुला?" ते एकदा म्हणाले.

"पान वाचाय सांगितलं न्हाय कुणी," लालासाब म्हणाले.

"मी सांगतो."

शास्त्रीबुवांना एका गोष्टीनं पछाडलं होतं. विद्यार्थी यायचे, विहिरीवर काही आहे का विचारायचे, तापावर काही आहे का विचारायचे. पुस्तकाच्या नावात विहीर नसली की लायब्ररीतून 'नाही' असं उत्तर मिळायचं. आणि विहीर बसलेली असायची भलत्याच पुस्तकाच्या सत्तराव्या पानावर. म्हणून त्यांनी सगळ्या लायब्ररीची विषयवार यादी करायला घेतली होती, विषय अक्षरांच्या क्रमानं लावून. कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, कशाबद्दल काय लिहिलंय, आणि कामाचं असेल तर त्याचं सार दोन ओळींत. पुस्तकं चार हजारांवर.

शास्त्रीबुवा सोवळं पाळायचे. लालासाबांनी पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं आणि त्यांनी तिथून उचलायचं, असा रिवाज होता. अकरा वर्षांत एकमेकांच्या हाताला हात लागला नाही. पण त्या अकरा वर्षांत लालासाबांनी निम्मी लायब्ररी पानोपान चाळली, खुणा घातल्या, आणि शास्त्रीबुवांनी त्या यादीत उतरवल्या. मराठी नीट आलं, मोडी आली. फारसी घरात थोडं होतंच. इंग्रजी त्यांनी पुस्तकांच्या पाठींवरून उचललं, मग कोशावरून.

१८९९ साल उजाडलं. महाराज गादीवर येऊन पाच वर्षं झाली होती. पावसाळा संपता संपता शहरात उंदीर पडायला लागले, आणि दिवाळीच्या आत माणसं. गाठीचा ताप आला की चौथ्या दिवशी माणूस उचलायचा. दरबारनं लोकांना शहराबाहेर काढलं. माळामाळावर तट्ट्यांच्या झोपड्या उठल्या. कॉलेज बंद झालं. लालासाबांची बायको मेहमुदा उचगावची. भावाच्या रानात एक छप्पर घालून ती दोन लेकरांना घेऊन तिथं राहायला गेली, आणि लालासाबही. शास्त्रीबुवांना त्यांनी तीन वेळा सांगितलं, चला म्हणून.

"एवढा 'ल' संपवतो आणि येतो," शास्त्रीबुवा म्हणाले. यादी त्यांनी घरीच नेली होती, लागणारी पुस्तकंही.

लालासाब आठवड्यातून एकदा लायब्ररीची कुलपं बघायला शहरात यायचे. कार्तिकातल्या एका सकाळी आले तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, "तुमचं शास्त्री गेलं. चार दिस झालं."

लालासाब तसेच शुक्रवार पेठेत गेले. शास्त्रीबुवांच्या घराची कौलं उतरवली होती, आत ऊन पडावं म्हणून. प्लेगच्या खात्याची माणसं जमिनीवर औषधाचं पाणी मारत होती. अंगणात जाळायचा ढीग रचला होता. अंथरूण, कपडे, धान्याची पोती, आणि सगळ्यात वर पुस्तकं. त्यातच दोन लाल रुमालांत बांधलेली यादी. शेजारी प्लेगचे डॉक्टर उभे होते. ते बाहेरगावाहून आलेले, दोन महिने झोप नसलेले, आवाज बसलेला.

लालासाबांनी एक पुस्तक उचलायला हात पुढं केला.

"हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाले. "कोण तू?"

"कॉलेजच्या लायब्ररीचा दप्तरी. ही पुस्तकं लायब्ररीची हाईत साहेब. आत शिक्का हाय."

"शिक्का बघून प्लेग माघारी जातो होय? कापड, कापूस, कागद, सगळ्यात रोगाचं बी राहतं. मी काय हौसेनं जाळतोय?"

लालासाबांनी घराच्या उघड्या छपराकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "उन्हानं ते बी मरतं म्हणूनच कौलं काढलीसा न्हवं?"

"हो."

"मग पुस्तकं उन्हात घातली तर?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. "पान न् पान उघडं पडलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी. दहा दिवस. आणि वस्तीपासून लांब. हे कोण करणार? माझ्याकडं माणूस नाही."

"मी करतो की. पुस्तकांसंगं मीच ऱ्हातो धा दिवस, कुणात मिसळत न्हाय. अकराव्या दिवशी मी धड असलो तर पुस्तकं बी धड."

"आणि नसलास तर?"

"तर पुस्तकं जाळा. मला तेवढं पुरा, आमच्यात जाळत न्हाईत."

डॉक्टरांनी बाजूच्या माणसाला ढीग पेटवायचं थांबवायला सांगितलं, आणि लालासाबांचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.

लालासाबांनी पुस्तकं एकट्यानं हातगाडीवर भरली. मोजली, एक्केचाळीस. वर यादीचे दोन रुमाल. उचगावच्या पलीकडं एक खडकाळ माळ होता, तिथवर गाडी ओढत नेली. वाटेत मेहमुदाच्या छपराजवळून जाताना पन्नास पावलांवर थांबून हाक मारली आणि काय ठरलं ते सांगितलं.

"पुस्तकांसाठी?" तिनं विचारलं.

"शास्त्रीबुवांची अकरा वर्षं हाईत त्यात. माझी बी."

"आन् आमची?"

लालासाबांनी गाडी ओढली. दुपारी मेहमुदा माळावर आली, बांधाच्या एका सपाट दगडावर भाकरी आणि पाण्याची घागर ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली. दहा दिवस ती तशी येत राहिली.

काम सोपं नव्हतं. जाडजूड पुस्तक उघडं ठेवलं तरी मधल्या शिवणीत ऊन पोचत नाही. लालासाबांनी नऊ पुस्तकांची शिवण स्वतःच्या हातानं उसवली, जुजा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्या, सुट्या केल्या आणि खडकावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर एक गारगोटी. हातकागदाला दिवसभर ऊन चालायचं. गिरणीचा कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो, म्हणून त्याला फक्त सकाळचं आणि कलतं ऊन. मधे दुपारी ती पानं झाकायची. दर थोड्या वेळानं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओणवं होऊन पानं उलटत जायचं. टोकाला पोचेतो पहिली पानं पुन्हा उलटायला आलेली असायची.

माळाच्या खालच्या अंगाला धोंडुबाईचं रान होतं. उचगावची कुणब्याची विधवा, पन्नाशीची, एक बैलजोडी आणि चार एकर जमीन स्वतः बघणारी. दुसऱ्या दिवशी ती बांधावर येऊन उभी राहिली.

"ओ पावणं, वाळवणं घाटलीसा व्हय?"

"व्हय. कागदाची."

"कागुद खायाचा असतुया?"

लालासाबांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. त्यांनी लांबूनच सगळी हकीकत सांगितली. प्लेगच्या घरातली पुस्तकं म्हटल्यावर धोंडुबाई दहा पावलं मागं सरली, पण गेली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली. गारगोट्यांखालून पानं सुटली, माळभर उडाली. लालासाब एकटे, इकडून धरावं तर तिकडून सुटतंय. धोंडुबाई धावत वर येताना दिसली तसं ते ओरडले, "बाई, हात लावू नका, लांब ऱ्हावा." ती थबकली, वळली आणि खाली गेली. लालासाब बोरीच्या काट्यांतून, घाणेरीतून एकेक पान वेचत होते तेवढ्यात ती परत आली. पाठीवर दोरखंडाची मोठी जाळी, वैरणीच्या गाडीवर घालतात ती. ती तिनं मेहमुदाच्या दगडावर टाकली.

"ही घाला वरनं. ऊन जातंय आत, वारं उचलत न्हाय. आजून एक हाय घरात, आनती."

संध्याकाळपर्यंत लालासाबांनी पानं लावली. सहा हरवली होती. दुसऱ्या दिवशी चार मिळाली. दोन कधीच मिळाली नाहीत, आणि ती कुठल्या पुस्तकातली, कितवी, हे ते पुढं आयुष्यभर पाठ म्हणून दाखवायचे.

जाळ्यांनी पुस्तकं बांधली गेल्यावर दिवसाला थोडी उसंत मिळाली. धोंडुबाई बांधावर बसून विचारायची, "काय लिवलंया त्यात?" लालासाब मोठ्यानं वाचायचे. राजांच्या लढाया तिनं नुसत्या ऐकून घेतल्या. मग एका सकाळी आली ती तोंड उतरवून. एका बैलाला खुरकत झाली होती. तोंडातून लाळ, खुरात फोड, पाय टेकवत नव्हता.

लालासाब उठले आणि यादीचा पहिला रुमाल सोडला. 'ग' काढला, 'गुरे', त्याखाली 'खुरांचे दुखणे'. शास्त्रीबुवांच्या बारीक अक्षरात तीन पुस्तकांची नावं, पानं, आणि सार. त्यांनी बांधाकडं तोंड करून सावकाश वाचलं. कडुलिंबाचा पाला उकळून कोमट पाण्यानं खूर दोन वेळा धुवावे. बाभळीच्या सालीचा काढा लावावा. बैल चिखलात उभा करू नये, कोरड्या जागी बांधावा. तोंड सोललेलं असतं म्हणून कडबा घालू नये, पातळ आंबील पाजावी. बाकीच्या गुरांपासून वेगळा ठेवावा.

"येगळा," धोंडुबाई म्हणाली. "तुमच्यागत."

"व्हय. माझ्यागत."

तिनं सगळं पुन्हा म्हणून घेतलं, बोटांवर मोजलं आणि गेली. दोन दिवसांनी बैलानं पाय टेकला. ती सांगायला आली आणि जाता जाता म्हणाली, "एवढं सगळं लिवून ठेवलंया, आन् त्ये तुमी कपाटात घालून कुलूप लावतायसा. आमच्या गावाला कसं कळावं?"

त्या दिवसापासून हा प्रश्न लालासाबांच्या मनातून हलला नाही, असं त्यांची मुलगी सलमा सांगायची.

आठव्या दिवशी लालासाबांना ताप भरला. पहाटे उठवेना. त्यांनी पहिल्यांदा काखेत बोटं घालून पाहिलं, मग जांघेत. गाठ लागली नाही, पण ती दुसऱ्या दिवशीही येते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ओणवं होऊन नेहमीसारखी पानं उलटली, दोन ओळी झाल्या आणि खडकावरच बसले. मेहमुदा भाकरी घेऊन आली तर कालची भाकरी तशीच.

"काय झालं?" तिनं हाक दिली.

"काय न्हाय. भूक न्हाय."

"उठून हुबं ऱ्हावा बघू."

ते उठले आणि पुन्हा बसले. मेहमुदा दगड ओलांडून दोन पावलं पुढं आली तसं ते कळवळून म्हणाले, "तिथंच थांब. लेकरांचं बघ."

ती थांबली. पण परत गेली नाही. लेकरं भावजयीकडं आहेत एवढं सांगून ती त्या सपाट दगडाजवळ बसली, तो दिवस आणि ती रात्र आणि पुढचा दिवस. धोंडुबाईनं ताक आणून दिलं, कोथिंबिरीचं पाणी आणून दिलं. मेहमुदा ते मडकं काठीनं पुढं सरकवायची आणि लालासाब सरपटत येऊन घ्यायचे. कुठल्या ओळीतली पानं उलटायची राहिलीत ते ती बसल्या जागेवरून सांगत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण आठ दिवस बघून तिला क्रम कळला होता. लालासाब थोडं थोडं करत उठून ती उलटत होते.

दहाव्या दिवशी सकाळी घाम फुटला आणि ताप उतरला. दिवसभर उघड्या माळावर ओणवं राहून उन्हानं आलेला ताप होता तो.

अकराव्या दिवशी डॉक्टर घोड्यावरून आले. लालासाबांना उभं करून काखा, जांघा, मान तपासली. जीभ पाहिली. मग ते ओळीओळीतून फिरले, जाळ्या उचलून पानं पाहिली, ऊन पाठीला लागत होतं तरी फिरत राहिले.

"नऊ पुस्तकं तू फाडलीस की," ते म्हणाले.

"उसवलीत साहेब. शिवतो परत."

डॉक्टरांनी शिक्क्याचा कागद दिला, पुस्तकं निर्दोष म्हणून. आणि एक गोष्ट केली. त्यानंतर त्यांनी आपल्या पेठांतली पुस्तकं आणि दप्तरं जाळायची थांबवली. ज्या घरात कागद सापडेल तो गाडीत घालून उचगावच्या माळावर पाठवायचा, असा हुकूम दिला. त्या हिवाळ्यात लालासाबांनी तेरा घरांचं कागदपत्र तिथं वाळवलं. जमिनींच्या सनदा होत्या, वैद्यांच्या वह्या होत्या, कुराणाच्या दोन जुन्या प्रती होत्या, पोथ्या होत्या. ज्याचं त्याला पोचतं केलं. धोंडुबाईच्या जाळ्या तोवर माळावरच राहिल्या.

कॉलेज उघडल्यावर त्यांनी यादी पुरी करायला घेतली. शास्त्रीबुवा 'ल' संपवू शकले नव्हते, 'लोणी' या शब्दावर लेखणी थांबली होती. पुढचं सगळं लालासाबांनी लिहिलं. कामाच्या वेळेआधी दोन तास आणि नंतर एक तास. या कामाला चार वर्षं लागली.

१९०३ मध्ये लायब्रेरियनची जागा रिकामी झाली. आदल्याच वर्षी महाराजांनी मागासलेल्या समाजांसाठी दरबारच्या निम्म्या जागा राखायचा हुकूम काढला होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी लालासाबांना अर्ज करायला सांगितलं. तीन जणांची समिती बसली. त्यातल्या एका वकिलांना हे पसंत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"मॅट्रिक नाही," ते म्हणाले.

"न्हाय," लालासाब म्हणाले.

"इंग्रजी?"

"वाचाय येतंय साहेब. बोलाय गेलो की अडखळतो."

वकिलांनी विचारलं, एखाद्या नदीच्या पुरात गाव हलवावं लागलं तर लोकांना नव्या जागा वाटून देण्याबद्दल या लायब्ररीत कुठं काही मिळेल का. त्यांच्याकडं तशी एक केस चालू होती आणि ते दोन महिने शोधत होते. लालासाबांनी डोळे मिटले. मग चार पुस्तकं सांगितली, कपाट, फळी आणि पान. चौथं पुस्तक एका इंग्रज अधिकाऱ्याचं प्रवासवर्णन होतं, त्यात कुणी असलं काही शोधायला गेलंच नसतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी शिपायाला पाठवून चारही मागवली. वकिलांनी पानं उघडली, वाचत राहिले, आणि मुलाखत चालू आहे हे विसरून खिशातून कागद काढून टाचण करायला लागले.

नेमणूक झाली, एक वर्षाच्या बोलीवर. ते अठरा वर्षं राहिले.

लायब्रेरियन झाल्यावर पहिली परवानगी त्यांनी मागितली ती पेटीची. कॉलेजचं पुस्तक बाहेरच्यांना देता येत नव्हतं. पण दर वर्षी जीर्ण म्हणून काही पुस्तकं रद्द व्हायची आणि कोपऱ्यात पडायची. ती मला द्या, म्हणाले, मी सुटीच्या दिवशी बांधतो आणि गावात फिरवतो. परवानगी मिळाली. पहिली पेटी तीस पुस्तकांची, सागवानी, आतून कडुलिंबाचा पाला. ती उचगावला धोंडुबाईच्या सोप्यात गेली. तिचा पुतण्या जोतीराम चार इयत्ता शिकलेला होता, तो वाचून दाखवायचा. महिन्यानं पेटी बदलायची.

वाचता न येणाऱ्यालाही हवं ते पुस्तक उचलता यावं म्हणून लालासाबांनी पाठीवर रंगीत दोरा शिवला. हिरवा शेतीचा आणि गुरांचा, तांबडा औषधाचा, पिवळा देवाधर्माचा, काळा गोष्टींचा आणि इतिहासाचा. बायका सोप्यात येऊन जोतीरामला सांगायच्या, आज हिरवं न्हाय, काळं वाच.

दुसरी पेटी कसबा बावड्याला गेली. तिसरी रेल्वेनं हातकणंगल्याला, तिथं स्टेशनवरचा सिकंदर नावाचा रूळ बदलणारा सांधेवाला ती आपल्या खोलीत ठेवायचा आणि बाजाराच्या दिवशी उघडायचा. दहा वर्षांत पेट्या अकरा झाल्या. दर महिन्याच्या एका रविवारी लालासाब कुठल्या ना कुठल्या पेटीबरोबर स्वतः जायचे. पुस्तक परत आलं की आधी पानं उघडून बघायचे, कुठं तेलाचा डाग, कुठं हळदीचं बोट, कुठं पान दुमडलंय. डागाबद्दल त्यांनी कधी कुणाला बोल लावला नाही. जे पुस्तक महिन्यानंतरही कोरं करकरीत परत यायचं ते मात्र बाजूला काढायचे आणि का वाचलं नाही ते विचारायला पुढच्या खेपेला जायचे.

यादी १९०९ मध्ये छापून निघाली, सहाशे पानांची. मुखपृष्ठावर नाव आबाशास्त्री वडणगेकरांचं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी खाली लालासाबांचंही घालायचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी प्रस्तावनेत एक ओळ घालू दिली, 'ल'पासून पुढचा भाग लायब्रेरियननं पुरा केला म्हणून. त्या पुस्तकाच्या पन्नास प्रती त्यांनी स्वतः बांधल्या. एक प्रत कापडात गुंडाळून ते डॉक्टरांना पाठवायला निघाले, तेव्हा कळलं की डॉक्टर तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थानात पटकीच्या साथीत वारले. मग ती प्रत त्यांच्या बायकोच्या पत्त्यावर पाठवली. आतल्या चिठ्ठीत माळावरचे दहा दिवस सविस्तर लिहिले. बाईंचं उत्तर आलं, की हे आम्हाला घरी कधी त्यांनी सांगितलंच नव्हतं.

सलमाला त्यांनी आपल्याजवळ बसवून शिकवलं, आधी टाके घालायला, मग वाचायला. मेहमुदाही त्या निमित्तानं चाळिशीत अक्षरं गिरवायला बसली. महाराजांनी १९१७ साली गावोगाव शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा उचगावच्या मुलींना शिकवायला बाई मिळेना. सलमा गेली. धोंडुबाई तोवर थकली होती, पण शाळेच्या पहिल्या दिवशी ती गल्लीतल्या दारादारांत उभी राहिली आणि पोरी बाहेर काढेपर्यंत हलली नाही, असं सलमा सांगायची.

१९२१ मध्ये लालासाब निवृत्त झाले. त्यांच्या जागी कृष्णात पाटील नावाचे पदवीधर आले, गडहिंग्लजकडचे, हुशार. त्यांना आपल्या पदवीची जाण होती आणि समोरच्या माणसाकडं ती नाही याचीही. किल्ल्या घेताना त्यांनी विचारलं, "यादी आहेच छापलेली. आणखी काही मला माहीत असायला पाहिजे का?"

"यादीत नऊ सालापत्तोरची पुस्तकं हाईत," लालासाब म्हणाले. "त्याच्या पुढची दोन हजार माझ्या वहीत हाईत, ती टेबलाच्या खणात हाय. आन् एक करा. पयलं वरीस कपाटं स्वतः पुसा. शिपायाला सांगू नका."

"का?"

"पुसताना हातात पुस्तक येतंय. हातात आलं की माणूस उघडतोय."

पाटलांना ते त्या वेळी विचित्र वाटलं. पण उन्हाळ्याचे दिवस होते, कॉलेजला सुटी होती, करायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी पहिल्या कपाटापासून सुरुवात केली.